बे, बाया, ईद

परीक्षा तिची, मंगळवारी, सांगलीत.
वही माझ्या हातात.
माझ्यासाठी मराठी अक्षरांत उतरवून दिलंय सगळं:
इर, म्हणजे जाणे.
होकारार्थी आज्ञा. पान अकरा.
मी कणीक मळत विचारायचं, तिनं सांगायचं.

'तू जा'?
बे.
एवढंच?
एवढंच. लिहायचं वे, म्हणायचं बे.
बे एके बे, मी म्हटलं,
आणि भिंतीपलीकडच्या मागांनी
खटाक खटाक पुढचा पाढा धरला.

'आपण जावं', आदरानं?
बाया.
हात पिठात ठेवूनच हसले मी.
विट्यातल्या आमच्या गल्लीत सात घरं,
सातही घरांतले पुरुष गलाईला,
कोइमतूर, त्रिचूर, एक तर पार गुवाहाटीला,
सोनं आटवतात, तेजाबानं नखं पिवळी.
मागं राहिल्या त्या बाया.
आम्हाला कुणी आदरानं जा म्हटलेलं आठवत नाही.
तिकडं मात्र त्याला
शब्दच आमच्या नावाचा.

'तुम्ही सगळे जा', मैतरांना?
ईद.
हे जैतून मुलाणीला सांगितलं तर म्हणाली,
म्हंजे शिरखुर्मा न खाताच लावून देत्यात व्हय?

'चला'?
बामोस. यात तू पण आलीस, आई.
कणकेत पाणी जास्त झालं.

आणि बे-च्या मागं ते लावलं, बेते,
की होतं चालती हो.
ते राहू दे, म्हटलं,
ते मी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात
मराठीत पाठ केलंय.

पुढचं पान नकारार्थी आज्ञेचं.
तेही नको. तेही येतं मला:
दारात उभी राहू नको, उलट बोलू नको,
दिवेलागणीला केस विंचरू नको.
प्राजू म्हणाली, परीक्षेला आहे ते.
असू दे. तुझं तू वाच.

तिचे बाबा एकोणीस वर्षं जातायत,
एकदाही जातो म्हणाले नाहीत.
येतो, म्हणतात. मी म्हणते, या.
एसटी वळणाआड होते
तरी आमचं दोघांचं येणंच चाललेलं असतं.
दसऱ्याला येतात. आठ दिवस.
तांब्याभर पाणी प्यायला उठले तरी
येतो म्हणतात.
जा हा शब्द आमच्या घरात
मांजरासाठी ठेवलेला,
आणि एकदा, तापात, देवीसाठी.

ती पास झाली. कागद झाले. तिकीट आलं.
विटा स्टँड, पहाटे पाच चाळीस, स्वारगेट गाडी.
दोन बॅगा, एकीचं चाक मोडकं.
येते गं, ती म्हणाली.
माझं ये ओठापर्यंत आलेलं, सवयीनं,
बाकीच्या बायांचं येतं तसंच.
गिळलं.
ये म्हटलं असतं तर ती
पोचायच्या आधीच परतीचं मोजायला लागली असती,
तिच्या बापासारखी.
आणि जा म्हणायला जीभ वळेना.
मग म्हटलं,
बे.

कंडक्टरला वाटलं, दोन तिकिटं.
एकच, मी म्हटलं. एकटीच चालली.

ती खिडकीतून काहीतरी ओरडत होती,
इंजिनात ऐकू आलं नाही.
बोटं दाखवली: एक. मग आठ.
मला वाटलं, अठरा महिने.
मग वाटलं, अठरा तास.
चहाच्या गाड्यावर उभी राहून हिशेब करत बसले,
चहा गार.

घरी आल्यावर वही दिसली, डब्यांच्या मागं.
पान अठरा.
बेर, म्हणजे बघणे. होकारार्थी आज्ञा.
'तू बघ'?
समोर तिच्या अक्षरात: आई, तुला येतंय हे.

माग अजून चालू झाले नव्हते.
विचारायला कुणी नव्हतं.
मीच विचारलं,
मीच सांगितलं.